एकही स्कॅनर सापडला नाही

घरात स्कॅनर असणं आणि तो चालणं या दोन स्वतंत्र घटना आहेत. आमच्याकडे पहिली बऱ्याच वर्षांपूर्वी घडली. दुसरीची गरज पडली ती सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमुळे. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, पझेशन लेटर, सगळं स्कॅन करून पाठवा असं फर्मान निघालं आणि मी माळ्यावरून आमचं यंत्र खाली काढलं.

यंत्र ठणठणीत. काच स्वच्छ, दिवा लागतो, मोटार कुरकुरत का होईना, पण चालते. फक्त नव्या लॅपटॉपमधल्या विकतच्या ऑपरेटिंग प्रणालीने त्याला ओळख दाखवायला साफ नकार दिला. प्रणाली आणि यंत्र यांच्यातला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर; कंपनीने त्याचा नवा अवतार काढलाच नव्हता. ‘‘सर, नवीन मॉडेल घेऊन टाका,’’ हेल्पलाइनवरची मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणाली की मी पाकीट शोधायला लागलो.

भाचा मध्ये पडला. ‘‘मामा, भंगारात काय टाकताय? सेन आहे ना!’’

सेन म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींनी फुकटात उभारलेला स्कॅनरांचा आधार. यात स्कॅनरशी बोलणारा भाग वेगळा, त्याला म्हणतात बॅकएंड. आणि माणसाला खिडकी-बटणं दाखवणारा भाग वेगळा. त्यामुळे कोणीतरी स्कॅनरच्या आतल्या एका चिपसाठी एकदा बॅकएंड लिहिला की तो लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालतो, फ्रीबीएसडी-नेटबीएसडी या तशाच दुसऱ्या प्रणालींवरही चालतो. माझ्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स घातलंय. तो स्वतः कट्टर फ्रीबीएसडीवाला. एरवी या दोन पंथांचं चहात साखर किती यावरही एकमत होणार नाही.

बॅकएंड लिहिणाऱ्यांना मात्र साष्टांग नमस्कार. बऱ्याच कंपन्या चिपची माहितीच देत नाहीत. मग हे लोक स्कॅनर विकतच्या प्रणालीवर चालवतात आणि यूएसबीच्या तारेतून कोण कोणाला काय म्हणतंय ते टिपत बसतात. हा आकडा गेला की दिवा लागला, तो गेला की मोटार हलली. तिसरा चुकला, तर मोटार थांबायचंच विसरते आणि कडेला जाऊन खडखडाट करते. त्यात वर मॉडेलचं नाव तेच ठेवून आतली चिप बदलायची, हाही उद्योग चालतो. खोक्यावरून काही म्हणता काही कळत नाही.

भाच्याने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत सेनच्या ‘स्कॅनइमेज’ची आज्ञा दिली. उत्तर आलं: एकही स्कॅनर सापडला नाही, तुमची अपेक्षा काही वेगळी असल्यास तो जोडला आहे का, चालू आहे का, ते पाहा. इतक्या सभ्य शब्दांत माझी अक्कल आजवर कोणी काढली नव्हती.

मग तीच आज्ञा ‘सुडो’ लावून दिली, म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने. स्कॅनर लगेच हजर! म्हणजे रूटला दिसतो, मला नाही. फ्रिजमधली लोणच्याची बरणी हिला दिसते आणि मला दिसत नाही, तसंच. ‘‘परवानगीचा प्रश्न आहे मामा,’’ भाचा म्हणाला. आतून ही म्हणाली, ‘‘दोन्हीकडे!’’

परवानगी मिळाली, तर फर्मवेअर हवं, म्हणजे स्कॅनरच्या आत चालणारा प्रोग्राम. काही स्कॅनर विजेचं बटण बंद केलं की सगळं विसरतात. दर वेळी चालू केल्यावर त्यांना एक छोटी फाइल पाजावी लागते. ती फाइल कंपनीच्या मालकीची, त्यामुळे सेनवाले ती वाटू शकत नाहीत. स्कॅनरसोबत आलेल्या सीडीतून काढून घ्या म्हणतात.

सीडी बाल्कनीत होती. कबुतरं येऊ नयेत म्हणून हिने ती दोऱ्याने टांगली होती. कबुतरं तिच्याखालीच संसार थाटून बसली होती. फिनेल लावून पुसली, तर लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. खालच्या झेरॉक्सवाल्याकडचा जुना कॉम्प्युटर देवासारखा धावून आला. फाइल मिळाली, तिच्या फोल्डरात बसली, आणि मोटार कुरकुरली. शेअर सर्टिफिकेट पडद्यावर उमटलं, टाचणीच्या गंजासकट. स्कॅनरवरची बटणं तेवढी चालत नाहीत. ती विकतच्या प्रणालीवर तरी कोण दाबत होतं?

सेक्रेटरींनी फाइल परत पाठवली. ५०० केबीच्या आत हवी. भाच्याने ३०० डीपीआयचे (म्हणजे दर इंचातल्या ठिपक्यांचे) १०० केले, तेव्हा कुठे स्वीकारली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी स्वतः दारात, काखेत त्यांचा स्कॅनर. सेनच्या यादीत पाहिलं, तर त्या मॉडेलपुढे ‘अनसपोर्टेड’. मी सहानुभूतीने मान हलवली. भाच्याचे मात्र डोळे लकाकले. ‘‘काका, रविवारपर्यंत राहू दे इथे. आणि सीडी फेकली नाहीत ना?’’