दोन दिवस कमी पडले होते

आज भाऊ पहिली पाळी करून आला आणि न जेवताच आडवा झाला. गणेशचवथीला चार दिवस रजा मागितली होती. ऑफिसातून सांगितलं, तुझ्या खात्यात रजाच नाही, तू जूनपासूनचा.

जूनपासूनचा! कुंडईच्या कारखान्याच्या त्याच गेटातून आत जातोय त्याला 14 वर्षं झाली. मशीन तेच, सुपरवायझर तोच. जूनमध्ये बदलला तो कंत्राटदार, आणि त्याच्याबरोबर भावाची जॉइनिंगची तारीख.

बाबा बांबोळीच्या इस्पितळात होते ते वर्ष मी विसरू शकत नाही. रात्री भाऊ त्यांच्यापाशी, सकाळी कामावर, कधी खाडा. वर्षअखेर हजेरी भरली 238. तेव्हा भरपगारी रजेसाठी वर्षाला 240 दिवस कामाची अट. वीस दिवस कामाला एक दिवस रजा. 238 ला वीसने भागा, 11.9 येतात, अर्ध्याच्या वरचा दिवस पुरा धरायचा हेही कायद्यातच आहे, म्हणजे बारा. मिळाले शून्य. बाबांच्या वर्षश्राद्धाला तो पगार कापून घेऊन आला.

नव्या श्रम संहितेत 240 चे 180 केले, ते चांगलंच झालं. पण दर थोड्या वर्षांनी कंत्राटदार बदलला की मोजणी पुन्हा एकपासून, मग 180 काय नि 240 काय!

मी सरकारी नोकर. 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 दिवस अर्जित रजा माझ्या खात्यात आगाऊ पडते, 300 पर्यंत साठते. पणजीहून डिचोलीला बदली झाली तर सेवापुस्तक माझ्यामागून येतं. एकाच आईची मुलं आम्ही. त्याचं सेवापुस्तक कुठे आहे?

चवथीला अर्धी लाइन घरी बसली तर माल निघणार नाही, कळतं मला. मग 'आत्ता सोडता येत नाही' म्हणा. 'तुझी रजाच नाही' म्हणू नका हो. 238 च्या वेळीही हेच ऐकलं होतं त्याने, बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता.

जाऊ दे. ऑफिसात बसलेला मुलगाही कंत्राटीच असेल, त्याच्यावर कशाला ओरडू.

पण जुन्या कंत्राटदाराने सोडताना साठलेल्या रजेचे पैसे द्यायला हवे होते, दिवसांची अट पुरी झाली नसली तरी, तेही दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत. दिले नाहीत. भाऊ म्हणतो, ताई सोड, उद्या गेटाबाहेर काढतील. वहिनीने पगाराच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्यात. त्या घेऊन बसलेय. हजेरीचे दिवस मोजतेय: जानेवारी 25, फेब्रुवारी 23, एप्रिल 24. मार्चची सापडत नाहीये.