भुयार होतं, तर किल्लेदार शरण का गेला?

‘बेळगावचा किल्ला शिवरायांनी १६७४ साली बांधला. त्याआधी तिथं नुसतं रान. किल्ल्यातून थेट राजहंसगडापर्यंत घोडेस्वार जाईल एवढं भुयार. इंग्रजांना तो कधीच घेता आला नाही.’ मोबाइलवर हा मजकूर इतके दिवस दुर्लक्षून सोडला. आता भाचीनं तो वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलाय, म्हणून लिहिणं भाग आहे.

आधी ते भुयार. राजहंसगड येळ्ळूरजवळच्या डोंगरावर, किल्ल्यापासून सुमारे १५ किलोमीटर. किल्ल्याभोवती खंदक. म्हणजे भुयार खंदकाच्या तळाखालून, अख्ख्या शहराखालून, मग येळ्ळूरच्या भातशेतांखालून न्यायचं. आपला पावसाळा माहीत असलेल्या माणसानं सांगावं, त्यात घोडा दौडेल की पोहेल? आणि १८१८मध्ये इंग्रज सेनानी थॉमस मन्रोनं वेढा घातला, तेव्हा आतल्या पेशव्यांच्या शिबंदीनं सुमारे २१ दिवस तग धरून किल्ला इंग्रजांच्या हवाली केला. पायाखाली एवढा राजमार्ग असताना? ‘कधीच घेता आला नाही’ हेही इथंच निकालात निघालं.

बांधला कुणी म्हणता? इथल्या रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात बीचण या मंत्र्यानं इथं ‘रट्ट जिनालय’ हे जैन मंदिर उभारलं. त्याला दिलेल्या दानाचे १२०४ सालचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या नियतकालिकाच्या १३व्या खंडात ते छापलेत. किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, त्याच काळातली. लेख कानडीत आहेत म्हणून मोजायचेच नाहीत, असं कुणाचं म्हणणं असेल तर बोलणंच खुंटलं. महाराजांचा जन्म १६३०चा. वजाबाकी ज्यानं त्यानं करावी.

रट्टांनंतर देवगिरीचे यादव, विजयनगर, १४७२-७३मध्ये बहमनी वजीर महमूद गवान, मग आदिलशाही. आदिलशाही सरदार असदखानाची सफा मशीद आत उभीच आहे. रानाचं म्हणाल तर बेळगावातल्याच वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकाळची वस्ती निघालीय.

किल्ला मराठ्यांकडे होता, एवढं मात्र खरं. पेशवाईत तो आपल्या ताब्यात होता, म्हणून तर मन्रोला वेढा घालावा लागला. पण ताबा वेगळा, बांधकाम वेगळं. सीमाप्रश्नाच्या सभेत कुणी हे १६७४ ठोकून दिलं, तर समोरच्यानं कमल बस्तीकडे नुसतं बोट दाखवलं तरी आपली बोलती बंद होईल.