डोंगर कापा, फोटो जपा

अभिनंदन, नेमणूक झाली तुमची. कोकणात कुठेतरी रस्ता रुंद होतोय, खाडीवर पूल चढतोय, नाहीतर किनाऱ्याला जेटी येतेय, आणि पर्यावरण मंजुरीपत्रातली ती तळाची अट तुमच्या गळ्यात पडली आहे: 'भूदृश्य व दृश्यपरिणाम शमन उपाययोजनांचे नियमित संनियंत्रण करावे.' म्हणजे कामाने बिघडलेला देखावा सावरला जातोय का, यावर लक्ष ठेवायचं. हे वाक्य साइटवर कुणालाच एका दमात म्हणता येत नाही. तिथे याला 'झाडांचं काम' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणत जा. म्हणजे कापलेला डोंगर, भरावाचा ढिगारा, क्रशरची धूळ, रात्रीचे दिवे, असलं काही आपल्या कामात येतं हे कुणाच्या लक्षातच येणार नाही.

काळजी करू नका, निसर्ग तुमच्या बाजूने आहे. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो इथे. जून ते सप्टेंबर देवळाच्या कौलांवर, पन्हळीत, चार महिने उभ्या असलेल्या डंपरच्या हौद्यात, सगळीकडे गवत उगवतं. दरडीवरही उगवेल. दसऱ्यानंतर ते वाळतं आणि मार्चमध्ये वणव्यात जातं खरं, पण तोवर तुमचा फोटो काढून झालेला असतो.

फोटोचं वेळापत्रक तेवढं नीट बसवा. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली मंजुरी असेल तर सहामाही अहवाल 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यायचे असतात. डिसेंबरचा अहवाल एप्रिल ते सप्टेंबरचा, म्हणून त्याचे फोटो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढा. जूनचा ऑक्टोबर ते मार्चचा, त्याचे फोटो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. दोन अहवालांत सहा महिने, दोन फोटोंत आठ दिवस. शर्ट तेवढा बदला, कोपऱ्यात तुमची सावली किंवा बाही येते.

फोटो कुठून काढायचा याचा एक कटकटीचा शास्त्रशुद्ध प्रकार आहे, तो माहीत असावा म्हणून सांगतो. काम सुरू होण्याआधीच ठरावीक जागा नक्की करायच्या: वाडीतलं अंगण, शाळेचा कठडा, तरीवरचा धक्का, घाटातलं वळण. जमिनीत खुंटी ठोकायची, अक्षांश-रेखांश आणि होकायंत्राची दिशा लिहून ठेवायची. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, पूर्ण फ्रेमचा आणि 50 मिमी लेन्सचा. मग दर ऋतूत तिथूनच, त्याच दिशेने, त्याच तासाला फोटो. त्यात एक एप्रिलमधला, भर उन्हातला हवाच. असे फोटो एकाखाली एक लावले की शेंबडं पोरही सांगतं काय झालंय ते. म्हणून हे करायचं नाही.

मोबाईल वापरा. त्याची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या तोडीची, म्हणजे रुंद. रुंद लेन्समध्ये मागचा डोंगर चार पावलं आणखी मागे जातो, आणि वीस मीटरची उभी कापणी कुणीतरी नखाने ओरखडल्यासारखी दिसते. शिवाय गुडघ्यावर बसा. समोर सहा इंचाचं रोप धरलंत तर अर्धी दरड त्याच्या पानाआड जाते. दरड मात्र ताजी असताना टिपू नका. ताजा कापलेला जांभा लाल-पिवळा भडक असतो, खाडीपलीकडच्या गावातून दिसतो. एक-दोन पावसाळे गेले की तो आपोआप काळवंडतो, शेवाळतो. अहवालात या काळवंडण्याला 'दृश्यपरिणामात लक्षणीय घट' म्हणतात. खर्च शून्य.

आता झाडं. इथे आकडे लागतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

समजा 1,000 रोपं लावायची अट आहे. पहिल्या उन्हाळ्यात 400 मेली. पुढच्या जूनमध्ये त्या 400 खड्ड्यांत नवी लावा आणि मोजा. अट हजाराची, उभी हजार, जगण्याचं प्रमाण 100 टक्के. बिल 1,400 चं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच करा. या हिशोबाला एकच गोष्ट घातक आहे: रोपाला लटकवलेला क्रमांकाचा पत्रा आणि रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे लावल्याची तारीख, उंची, बुंध्याचा घेर. तेवढं असलं की तीन वर्षांचं म्हणून दाखवलेलं झाड गुडघ्याएवढंच का, असा प्रश्न येतो. तेव्हा पत्रे लावू नका. फारच आग्रह झाला तर कागदी लावा, आषाढात विरघळतात.

रोपं मरावीत कशी, यात मुकादम तुमच्याहून हुशार असतो, पण दोन गोष्टी तुम्हालाही कळल्या पाहिजेत. पहिली गोष्ट पिशवीची. नर्सरीत दोन वर्षं राहिलेलं रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवा. रोपं लावणाऱ्या इसमाला संध्याकाळपर्यंत 200 लावायची असतात, ब्लेडने पिशवी फाडत कोण बसणार? पहिल्या पावसाळ्यात रोप झकास दिसतं. मेल्यावर सहज उपटून येतं, तेव्हा पाहा: मुळं पिशवीच्या तळाशी चकलीसारखी गोल फिरलेली, एकही बाहेर नाही, आणि भोवती पिशवीवरचं नर्सरीचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं.

दुसरी गोष्ट खड्ड्याची. कागदावर खड्डा 60 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. त्यात चांगली माती, शेणखत. कातळात हा खड्डा ब्रेकरने फोडावा लागतो आणि तळाला पाणी निघायला फट ठेवावी लागते, नाहीतर तो दगडी डोण होतो. जुलैमध्ये रोपाची मुळं त्यात कुजतात आणि फेब्रुवारीत तोच डोण तापून भाजतो. तुम्ही 30 चा खड्डा काढा, मुरूम भरा. एकाच खड्ड्यात बुडून आणि भाजून मरायची सोय होते.

पाण्याचं रजिस्टर मात्र चोख हवं. रोपाला आठवड्याला 20 लिटर धरले तर हजार रोपांना 20,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या दोन खेपा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरीपर्यंत साधारण 32 आठवडे, म्हणजे 64 खेपा. रजिस्टरला 64 लिहा आणि एकाच पेनाने लिहू नका. त्या टँकरचं डिझेल-बुक तुमच्या फाइलशेजारी ठेवू नका. गुरांचंही लक्षात असू द्या: भातकापणी झाली की ती मोकाट सुटतात आणि मळेभर हिंडून तुमच्या रोपांपाशी येतात. बांबूचं कुंपण रोपाला लावायला आणतात, पण तेवढ्यात लेबर कॅम्पमध्ये चुलीला सरपण कमी पडतं.

जाती कुठल्या? सातवण, ऐन, किंजळ, जांभूळ, करंज, खाडीकाठाला उंडी, देवळापाशी सुरंगी, बकुळ. ही नावं यादीत छान दिसतात, अहवालात घाला. लावताना गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावा. बाभळीला गुरं तोंड लावत नाहीत, ती भराभर वाढते आणि पाच वर्षांत डोंगराला एकाच रंगाचा गणवेश चढवते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. असं वारं पुन्हा आलं की मोडलेल्या झाडांच्या जागी नवीन लावायची वेगळी निविदा काढता येते.

जुन्या वडाचं काय? सभेत कुणीतरी वडाचा विषय काढणारच. तेव्हा 'पुनर्रोपण' हा शब्द उच्चारावा, सभा शांत होते. खरं पुनर्रोपण म्हणजे काही महिने आधीपासून बुंध्याभोवती टप्प्याटप्प्याने चर खणायचा, आतल्या गोळ्यात नवी मुळं फुटू द्यायची, मग पावसाच्या तोंडावर गोळ्यासकट हलवायचं. तुमच्याकडे एक जेसीबी आणि एक दुपार आहे. फांद्या छाटा, मुळं ओरबाडा, विजेच्या खांबासारखं खोड रस्त्याच्या हद्दीत उभं करा. आणि मग ही वडाची खुबी बघा: तीन-चार आठवड्यांत खोडातल्या साठवणीवर त्याला लालसर कोवळी पानं फुटतात. मुळांचा पत्ता नसतो, तरी फुटतात. त्याच आठवड्यात फोटो घ्या. साठवण संपली की पानं गळतात, साल सुटते, आत भुंगेरे शिरतात. पण 'पुनर्रोपण यशस्वी' या ओळीला त्यानंतर कुणी हात लावत नाही.

वरची माती वेगळी काढून ठेवण्याचीही अट असते. कोकणात ती मुळात वीतभर, सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, बोटभर. तिचा ढीग दोन मीटरपेक्षा उंच करू नये म्हणतात, कारण आतल्या मातीचा श्वास कोंडतो, बी मरतं. तुम्ही ढीगच करू नका. भरावात टाका.

दरडीवर मात्र खर्च दिसू द्या. काथ्याची जाळी, गवताचं बी, फवारणी, सगळं बिलात येतं. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून झिरपतं, खालच्या चिकण थरावर अडतं आणि तिथून सगळं वरचं ओझं घेऊन घसरतं. माथ्यावर पाणी अडवणारा चर, पायऱ्या-पायऱ्यांची कापणी आणि भिंतीत पाणी बाहेर सोडणारी भोकं, एवढं केलं तर दरड थांबते आणि गवतही टिकतं. पण माथ्यावरचा चर खालून दिसत नाही, आणि दिसत नाही त्याचा दृश्यपरिणाम कसला? जाळी अंथरा. काँक्रीट फवारताना भोकं बुजली तर बुजू देत. वरून हिरवा रंग मारा. रंग कुठल्या हिरव्याचा घ्यायचा म्हणाल तर दुकानातला पहिला, पोपटी. कोकणात तो हिरवा कुठल्याच झाडाचा नाही, त्यामुळे तुमची भिंत चुकूनही झाडीत हरवत नाही.

बदली लागवडीला जागा हवी असेल तर सडा आहेच. सातबारावर पोटखराबा, डोळ्यांना उजाड. पावसाळ्यात त्याच कातळावर पाण्याची डबकी साचतात, बोटभर मातीत दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रानफुलं उगवतात, मैलभर गालिचा होतो, पण तेव्हा तुम्ही रस्त्याकडेचे फोटो काढण्यात गुंतलेले असता. एप्रिलमध्ये जा, काहीच नसतं, निर्धास्त ब्रेकर लावा. फक्त पायाखाली बघत चला. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. कातळात कोरलेल्या हत्तीच्या पोटात 60 सेंटीमीटरचा खड्डा काढून त्यात गुलमोहर लावला, तर त्याची बातमी होते.

दिव्यांची तपासणी सकाळी अकराला करा. खांब सरळ, दिवा शाबूत, शेरा 'समाधानकारक'. रात्री गेलात तर कळेल की झोत आडवा जातोय आणि पार पुळणीवर पडतोय. वेळास, आंजर्ले इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की जिकडे क्षितिज उजळ तिकडे जातात. लाखो वर्षं ते क्षितिज समुद्राचंच होतं. दिव्याला वरून व बाजूने झाकण आणि तोंड थेट खाली, एवढाच खरा उपाय. पण झाकण लावलेला दिवा मंत्रीमहोदयांच्या उद्घाटनाच्या फोटोत फिका दिसतो.

राहिला पाहणीचा दिवस. समितीला सप्टेंबरमध्ये बोलवा. गाडी अशी चालवायला सांगा की साहेब दरीच्या बाजूला बसतील, दरडीच्या नव्हे. आदल्या रात्री पहिल्या अर्ध्या किलोमीटरच्या रोपांवर टँकरने पाणी मारून घ्या, पानांवरची लाल धूळ जाते. तिथेच गाडी थांबवा, साहेबांच्या हातून एक रोप लावून घ्या, पिशवी आधी काढून ठेवा. एक वाजता जेवण ठेवा आणि सोलकढी ताज्या नारळाची असू द्या. दुसऱ्या वाटीनंतर उरलेले अकरा किलोमीटर कुणी बघत नाही.

एखादे वेळी वळणावर छत्री टेकून एखादे आजोबा उभे असतात. साहेब काच खाली करतात, आजोबा हात वर करून रस्त्याच्या मधोमध दाखवतात आणि म्हणतात, "हंयसर वड होतो." इथे वड होता, एवढंच. तक्रार नाही, अर्ज नाही, आवाजही चढलेला नाही. नमुन्यात याला रकाना नाही. तुम्ही तपशील पुढच्या पानावर 'स्थानिकांशी संवाद' या मथळ्याखाली लिहा: संख्या 1, अभिप्राय सकारात्मक.