पार्ल्याचं जुनं घर आणि ‘हेरिटेज’चा गैरसमज

गेले काही दिवस पार्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप्सवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वारसा म्हणजे सीएसएमटी, राजाबाई टॉवर. उपनगरातल्या कौलारू घरांत ना कोणी थोर माणूस राहिला, ना ती नामवंत आर्किटेक्टने बांधली. हेरिटेजचा शिक्का बसला की मालकाला भिंतीत खिळासुद्धा ठोकता येत नाही. शिवाय एका कुटुंबाच्या जागेत वीस कुटुंबं राहू शकतात.

माझं बालपण अशाच घरात गेलं, म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

थोर माणसाची अट मुंबईच्या हेरिटेज नियमावलीत नाही. 1995पासून त्या नियमांत तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत परिसराला रूप देणाऱ्या आणि एखाद्या समाजाची राहणी दाखवणाऱ्या वास्तूही येतात. म्हणजे साधेपणामुळे घर आपोआप बाद होत नाही.

आणि ही राहणी आली कुठून? 1896 साली मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्यांत उजेड नाही, वारा नाही, हे सगळ्यांनाच टोचू लागलं. 1898मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था आली आणि तिने दादर-माटुंग्यात मोकळे प्लॉट आखले. साष्टीतल्या, म्हणजे माहीमच्या खाडीपलीकडच्या, उपनगरांत हे काम 1915च्या टाउन प्लॅनिंग कायद्याने झालं. आजही आपल्या कागदपत्रांवर ‘टीपीएस’ (टाउन प्लॅनिंग स्कीम) आणि ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला असतो, तो तिथलाच. गिरगावातली बिऱ्हाडं पार्ल्याला आली, 1921मध्ये पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं, 1923मध्ये लोकमान्य सेवा संघ. 1928मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. घराच्या चारी बाजूंना सोडलेली जागा ही या सगळ्याची खूण आहे, आणि ती फक्त जागेवरच वाचता येते.

आमच्या घराचं जोतं कमरेएवढं होतं. पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि विहीर. गावाहून शिकायला आलेले भाचे-पुतणे वर्षानुवर्षं ओटीवर झोपले. परसात टोपलीचा संडास होता आणि त्याच्यामागे मैला उचलणाऱ्या सफाई कामगाराला यायला वेगळा बोळ. तो माणूस पुढच्या दाराने कधी आला नाही. हीसुद्धा आपलीच राहणी होती. तो बोळ बुजला की आपण असे वागत होतो, हे नातवंडांना दाखवणार कशावरून?

‘खिळाही ठोकता येत नाही’ हे तर साफ चूक. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल, वेगळा वापर, प्लॉटवर वाढीव बांधकामसुद्धा करता येतं. ते मूळ वास्तूशी जुळणारं असावं आणि परवानगी घ्यावी, एवढंच. बांधकामाचा हक्क बुडाला तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेवर वापरायची किंवा विकायची, तरतूद आहे. मात्र दुरुस्तीचा खर्च खरा आहे. पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, वाटेकरी भाऊ-बहिणी चार गावांत. ज्यांनी कंटाळून घर बिल्डरला दिलं, त्यांना मी दोष देणार नाही.

वीस कुटुंबांचा मुद्दा मला पटतो. मुंबईला घरं हवीतच. पण शिल्लक राहिलेली ही घरं मोजकी आहेत, ती वाचवल्याने घरांचा प्रश्न अडत नाही. उलट त्यांच्याभोवतीच्या मातीचं काम मोठं आहे. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठलंच परस जिरवू शकत नाही, हे मान्य. पण रोजच्या पावसाला माती लागते, आणि पार्किंगसाठी कुंपणापर्यंत काँक्रीट केलं की ती उरत नाही.

घर पाडायचं ठरलंच असेल, तर आधी टेप घेऊन प्रत्येक खोली मोजा आणि कागदावर नकाशा काढा. मागच्या बोळाचा फोटो काढा. कौलं उतरवताना एखादं उलटं करून बघा, बऱ्याच कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का असतो. घरात नव्वदीची कोणी आत्या असेल, तर कोण कुठे झोपायचं ते तिला विचारून त्याच नकाशावर लिहून घ्या.