वकील मिळतो, पण सांगतं कोण?
भाडेकरूंना मोफत वकील देण्यावरच्या तुमच्या लेखात न्यूयॉर्क शहराच्या २०१७ च्या कायद्याचं कौतुक आहे: घर खाली करायच्या दाव्यात गरीब भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील. आपल्याकडेही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पण आमच्या सोलापुरातल्या वाड्यात विड्या वळणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलंच नाही. भाडं थकल्याच्या दाव्याचं कोर्टाचं समन्स आलं, त्यांनी घडी घालून देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, पुढचं भाडं नियमित दिलं, तर घर वाचतं हो! मुदत गेल्यावर वकील देऊन काय उपयोग? समन्ससोबतच, हा मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये छापून द्या.