'फ्लॉप' हाजी आणि माझा भाचा

परवा भाचा घरी आला होता. अंगात बार्साची जर्सी, हातात मोबाईल. जुन्या फुटबॉल वर्ल्डकपचा विषय निघाला, मी रोमानियाच्या हाजीचं नाव घेतलं, आणि या पठ्ठ्याने दोन मिनिटांत त्याचा अख्खा बायोडाटा खाली सरकवत निकाल देऊन टाकला. "मामा, रियलमध्ये दोन वर्षं, बार्सात दोन वर्षं, दोन्हीकडं लीग नाही. मधी तर सेरी बी, इटलीची दुसरी श्रेणी, खेळलाय. फ्लॉपच की!"

बहिणीसमोर काही बोललो नाही. म्हणून हे इथं.

आधी नावाचं सांगतो. ९४ साली आमच्या पेठेत पेपर वाचून हे नाव जसं उच्चारलं जायचं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मराठी माणसाने ते स्पेलिंग (Hagi) बघावं आणि स्वतःच समजून घ्यावं. खरा उच्चार हाजी, आपल्याकडे हजला जाऊन आलेल्या माणसाला म्हणतात तोच शब्द, तुर्कीतून तिकडं आडनाव होऊन बसलेला. घेओर्घे हाजी. जन्म १९६५, काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्झाजवळचा. डावखुरा, बुटका, दहा नंबर, म्हणजे संघाचा खेळ रचणारा. 'कार्पेथियन्सचा माराडोना' म्हणायचे त्याला.

मी तेव्हा कट्टर अर्जेंटिनावाला. कोल्हापुरात तुम्ही एक तर ब्राझील किंवा अर्जेंटिना, तिसरा पक्षच नाही. ९४ च्या वर्ल्डकपात रोमानियाविरुद्ध अर्जेंटिना, रात्री दोन वाजता दूरदर्शन लावून बसलो होतो. माराडोना डोपिंगमध्ये अडकून आधीच बाहेर, तरी आशा होती. आणि हाजीने आम्हाला अक्षरशः उघडं पाडलं. डुमिट्रेस्कूचा दुसरा गोल त्याच्या पासवर, मग डुमिट्रेस्कूच्या पासवर याचा स्वतःचा. ३-२. पहाटे चहा प्यायला बाहेर पडलो तेव्हा समोरच्या ब्राझीलवाल्यांच्या घरात फटाके शोधणं चाललं होतं. त्या रात्रीपासून या माणसाचा मला राग आहे आणि त्याच्यावर जीवही आहे.

आता मुद्द्याचं. हाजी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परदेशी क्लबकडून खेळूच शकला नाही. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत खेळाडूला बाहेर सोडत नसत. १९८७ मध्ये बुखारेस्टच्या स्टेवा क्लबाने त्याला एकाच सामन्यासाठी उसना आणला, युरोपियन सुपर कपसाठी. मोनाकोत डायनामो कीव्हविरुद्ध १-०, गोल याचाच. मग कसला परत देतायत! ठेवूनच घेतला. १९८९ मध्ये युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल खेळला, मिलानकडून ४-० मार खाल्ला. डिसेंबरात चाउशेस्कू पडला, पुढच्या उन्हाळ्यात इटलीतला वर्ल्डकप झाला आणि तिथून थेट रियल माद्रिद. म्हणजे खेळाडूची शिकायची, पडायची, सावरायची जी वर्षं असतात, ती सगळी याची मायदेशात गेली. बाहेर आला तो सरळ राजवाड्यात.

आणि रियलमध्ये तो वाईट नव्हता. १९९१-९२ चा शेवटचा दिवस बघा. टेनेरिफेत जिंकलं की लीग रियलची. दोन गोलांची आघाडी, त्यातला एक हाजीचा. तिथून सामना ३-२ ने हरले आणि लीग गेली बार्सिलोनाला. त्या नव्वद मिनिटांत मागची फळी थोडी शुद्धीवर असती, तर भाच्याच्या मोबाईलवर 'ला लीगा विजेता' असं दिसलं असतं आणि मला ही पोस्ट लिहावी लागली नसती.

पण मला खरं बोलायचंय ते ब्रेशियाबद्दल. रियल सोडून हा माणूस इटलीतल्या एका मध्यम क्लबात गेला, का तर प्रशिक्षक मिर्चा लुचेस्कू, रोमानियाचाच. संघात आणखी रोमानियन पोरं, रादुचोयू, सबाऊ. आपला माणूस मुंबईला गेला की आधी गाववाल्यांची खोली शोधतो ना, तसंच. एका वर्षात क्लब खाली घसरला. माद्रिदचा दहा नंबर सेरी बीमध्ये! इथं कुणीही बॅग भरली असती. हाजी थांबला. वर्षभर दुसऱ्या श्रेणीत खेळला, संघाला परत वर आणलं, आणि मगच अमेरिकेला वर्ल्डकप खेळायला गेला. लोक याला घसरण म्हणतात. मी म्हणतो, ९४ चा हाजी तिथंच तयार झाला. रियलमध्ये तो बऱ्याच ताऱ्यांमधला एक होता, ब्रेशियात प्रत्येक चेंडू त्याच्याकडं यायचा. त्याच्या जातीचा दहा नंबर अर्ध्या जागेत खेळतच नाही. त्याला अख्खं अंगण लागतं.

बार्सात नेमकं तेच मिळालं नाही. क्रॉयफ प्रशिक्षक, संघात स्टॉइचकोव्ह, रोमारियो, कूमान, आणि मैदानात परदेशी फक्त तीन चालायचे. करा हिशेब. त्यात दुखापती. दोन वर्षांत बाहेर.

मग १९९६. वय एकतीस. इस्तंबूलचा क्लब गालातासाराय. युरोपातल्या शहाण्यांना वाटलं, चला, निवृत्तीची सोय झाली. प्रशिक्षक फातिह तेरिमने मात्र संघच त्याच्याभोवती बांधला. पुढं हाकान शुकुर, वर्षभराने मागं घेओर्घे पोपेस्कू, जो हाजीचा सख्खा साडू. सलग चार वेळा लीग. आणि मे २००० मध्ये कोपनहेगनला आर्सेनलविरुद्ध यूएफा कपची फायनल.

ही फायनल म्हणजे हाजी पुरता. जादा वेळेत टोनी अ‍ॅडम्सवर हात उचलला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर. डोकं गरम, हा त्याचा जुना रोग. पुढच्याच महिन्यात युरोमध्ये इटलीविरुद्धही लाल कार्ड. राष्ट्रीय संघाकडून १२४ सामने, ३५ गोल, आणि मोठ्या स्पर्धेतला शेवट लाल कार्डाने. यावर त्याची बाजू मी घेणार नाही. पण कोपनहेगनमध्ये दहा जण टिकले, पेनल्टी आल्या, आणि शेवटची, निर्णायक पेनल्टी मारली कुणी? साडूने! आपल्याकडं साडू फक्त लग्नात मानपानापुरता. याने यूएफा कप आणून दिला. तुर्की क्लबचा पहिला युरोपियन चषक.

ऑगस्टमध्ये सुपर कप. पुन्हा मोनाको, तेरा वर्षांनी. समोर कोण, तर रियल माद्रिद. जार्देलचे दोन गोल, गालातासाराय २-१. भाच्याच्या यादीत ही ओळ आहे, पण एका सरळ रेघेत आहे. त्या रेघेत कुणाला काय वाटलं असेल, ते कुठून कळणार?

२००९ मध्ये त्याने कॉन्स्टान्झात स्वतःचा क्लब काढला, विटोरुल, म्हणजे भविष्य. २०१७ मध्ये स्वतः प्रशिक्षक असताना त्याच पोरांना घेऊन रोमानियाची लीग जिंकली. पोरगा इयानिस इस्तंबूलमध्ये जन्मलेला, तोही मिडफिल्डर. इटलीतल्या फिओरेन्टिनात जमलं नाही, बापाच्या क्लबात परत आला, मग बेल्जियमचा गेंक, मग स्कॉटलंडचा रेंजर्स. २०२०-२१ मध्ये रेंजर्सने एकही सामना न हरता स्कॉटिश लीग मारली, त्यात तो होता. नंतर गुडघा गेला, वर्ष वाया गेलं, तरी २०२४ च्या युरोमध्ये डोक्याला पट्टी बांधून खेळताना दिसला. त्यालाही पोरं 'बापासारखा नाही' म्हणतात. बापासारखा कोण आहे, ते सांगा आधी.

तर काल भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ९४ चा कोलंबियाविरुद्धचा गोल पाठवला. डाव्या टचलाइनजवळून, गोलकीपर कोर्डोबा जरा पुढं आलेला, चेंडू त्याच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात. अर्ध्या तासाने उत्तर आलं.

"मामा, हा क्रॉस मारताना चुकलाय."

गणपतीत येणार आहे तो. बघतो.