दोन उभ्या रेघा

घरात एखादा इंजिनियर झाला की सगळ्या नातेवाइकांची गणितं त्याच्या गळ्यात पडतात. ऑफिसात मी एक्सेलच्या बेरजा तेवढ्या करतो, पण ताईला ते पटत नाही. "त्याला जरा मॉडचे आलेख समजावून दे. तुझ्या हातचा मळ!" मग भाचा वही घेऊन येतो आणि माझी संध्याकाळ संपते.

मॉड म्हणजे राशीच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या रेघा. सुरुवात साळसूद असते. य = |क्ष|. उणे असेल तर चिन्ह काढायचं, नसेल तर हात लावायचा नाही. आरंभबिंदूवर टेकलेला व्ही तयार. |क्ष − 3| घेतलं की तोच व्ही उजवीकडे सरकतो.

"मामा, उणे आहे ना? मग उजवीकडे कसा?"

"आतलं शून्य कुठे होतं ते बघ. टोक तिथेच."

इथपर्यंत माझा रुबाब टिकतो. पुढे त्या रेघा जागा बदलायला लागतात. साधं क्ष² − 4क्ष + 3 घ्या. 1 आणि 3 च्या मधे ते अक्षाखाली बुडतं, 2 पाशी −1 पर्यंत. रेघा सगळ्या राशीभोवती असतील तर बुडालेला भाग वर उलटतो. नुसत्या क्षभोवती असतील तर डावी बाजू पुसायची आणि उजवीचं प्रतिबिंब तिथे काढायचं. मग बुडालेले भाग दोन होतात आणि 3 उंचीवर मधोमध टोक येतं. आणि |य| आला तर अक्षाखालचं पुसा, वरचं खाली उतरवा. 1 आणि 3 च्या मधे मग काहीच उरत नाही. बाकी ठिकाणी एका क्षला दोन-दोन य, म्हणजे ते फलही (फंक्शन) राहिलं नाही, नुसता संबंध! खोडरबर झिजतं ते इथे.

हे चिन्ह वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने 1841 मध्ये आणलं. हा गृहस्थ पुढे कित्येक वर्षं शाळेत मास्तर होता, त्यामुळे पोरांचं काय होईल याची त्याला कल्पना नव्हती असंही म्हणवत नाही.

तरी एका गणितावर माझा जीव आहे. य = |क्ष − 1| + |क्ष − 4|. दोन व्हींची बेरीज, पण तळ सपाट! 1 पासूनचं अंतर आणि 4 पासूनचं अंतर, यांची ही बेरीज. मधे कुठेही उभे राहा, एकापासून जितके लांब जाल तितके दुसऱ्याच्या जवळ. बेरीज 3 ची 3. मी हे इतकं रंगून सांगितलं की भाच्याने विचारलं, "परीक्षेत येतं का?"

मग |क्ष| + |य| = 1. तो म्हणाला वर्तुळ. निघाला चौकोन, तोही कोपऱ्यावर उभा, क्षेत्रफळ 2. "चौकोनाला समीकरण असतं?" त्याला ही शुद्ध लबाडी वाटली.

शेवटचं होतं |य| = ||क्ष| − 2|. मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात त्याने वर डब्ल्यू काढला, खाली उलटा डब्ल्यू जोडला. मधे कोपऱ्यावरचा चौकोन, दोन्ही बाजूंना फाकलेल्या रेघा. अगदी बरोबर.

"मामा, मासा! दोन शेपट्यांचा!"

मी काही बोलायच्या आत त्याने पेनने डोळाही काढला.